नाव एकदाच लिहा, पान नंबर विसरा!

प्रोजेक्ट तुमचा, मेहनत तुमची. मग रिपोर्टची मांडणी कायम दुसऱ्याच्या भरवशावर का? एक साचा हाताशी ठेवा आणि सबमिशनच्या आठवड्यात शांत झोपा.

सबमिशनचा आठवडा आला की कॉलेजसमोरच्या डीटीपी सेंटरमधली गर्दी बघा. एक जण सांगत असतो, ‘दादा, चौथ्या प्रकरणात एक फोटो वाढवा ना.’ दादा फोटो वाढवतात. फोटोमुळे पुढची सगळी पानं एकानं सरकतात, अनुक्रमणिकेत आकडे मात्र जुनेच. ‘आकृती ७’ची आता ‘आकृती ८’ झालेली असते आणि मजकूर अजूनही ‘आकृती ७ पाहा’ म्हणत असतो. तशाच प्रिंट निघतात, काळं रेक्झिनचं बाइंडिंग होतं, वर सोनेरी अक्षरं चढतात. मग गाइड सर दुसरंच पान उघडतात आणि विचारतात, ‘हे प्रमाणपत्र कुणाचं आहे?’ त्यावर गेल्या वर्षीच्या मुलाचं नाव तसंच राहिलेलं असतं!

वाचताना हसू येतं. ज्याच्या बाबतीत होतं त्याला येत नाही. पुन्हा प्रिंट, पुन्हा बाइंडिंग, पुन्हा पैसे.

आणि समजा तुम्ही बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीत राहता. परळी-अंबाजोगाईच्या टापूतलं हे गाव. कॉलेज अंबाजोगाईला, नाहीतर परळीला. गाइड मॅडमनी लाल पेनानं तीन खुणा केल्या की त्या तीन खुणांसाठी एक एसटीची फेरी, डीटीपी सेंटरवर रांग, दर पानाचा हिशोब आणि घरी यायला संध्याकाळ. मजकुरातली चूक दोन मिनिटांची असते, तिची किंमत अख्खा दिवस. शहरातल्या मुलांना हे फार जाणवणार नाही, पण गावाकडून ये-जा करणाऱ्यांना ‘फॉरमॅटिंग करून आणा’ या तीन शब्दांचं वजन बरोबर ठाऊक असतं.

बरं, हे आता फक्त इंजिनिअरिंगवाल्यांचं दुखणं राहिलेलं नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या अभ्यासक्रमांत फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग, रिसर्च प्रोजेक्ट असे भाग आलेत. म्हणजे बीए, बीकॉम करणाऱ्यांनाही रिपोर्ट चुकलेला नाही. तेव्हा ही विद्या आत्ताच शिकून घेतलेली बरी.

साचा म्हणजे काय हो?

लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये कधी उभे राहिलाय? तिथं अल्बम असतो. तुम्ही डिझाइन निवडता. गणपती कुठं, वधू-वरांची नावं किती मोठी, ‘आमच्या यहाँ’छाप मजकूर कुठं, चिल्यापिल्यांचा ‘लग्नाला यायचं हं’ कोणत्या कोपऱ्यात, हे सगळं आधीच ठरलेलं. तुम्ही द्यायची फक्त नावं, तारीख, मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता. शंभर घरांच्या शंभर पत्रिका त्याच साच्यातून निघतात आणि प्रत्येकीत नाव बरोबर असतं.

रिपोर्टचं टेम्प्लेट अगदी हेच करतं. कसं दिसायचं हे एका फाइलमध्ये ठरतं आणि काय म्हणायचं हे दुसऱ्या फाइलमध्ये लिहिलं जातं. प्रकरणाचं शीर्षक किती मोठं, समास किती, दोन ओळींत अंतर किती, पान नंबर वर की खाली, याचा विचार एकदाच. त्यानंतर तुम्ही फक्त लिहायचं.

आपण एरवी काय करतो? शीर्षक लिहितो, ते सिलेक्ट करतो, बोल्ड करतो, साइज सोळा करतो, मधोमध आणतो. पुढच्या शीर्षकाला पुन्हा तेच. चाळीस शीर्षकांना चाळीस वेळा. मग सर म्हणतात, ‘साइज चौदा हवा होता.’ पुन्हा चाळीस वेळा. त्यातली दोन राहून जातात आणि नेमकी तीच सरांना दिसतात. दोष तुमच्या मेहनतीत नाही. कॉम्प्युटरला ‘हे शीर्षक आहे’ असं आपण कधी सांगितलेलंच नसतं. ‘हे अक्षर जाड आणि मोठं आहे’ एवढंच सांगितलेलं असतं. मग बिचारा अनुक्रमणिका कशाच्या जोरावर करणार?

एका चिडलेल्या प्रोफेसरची गोष्ट

जगभर गणित, फिजिक्स आणि कॉम्प्युटर सायन्सचे रिपोर्ट, पेपर आणि थिसिस ज्या साधनावर सजतात त्याचं नाव लाटेक. त्याची गोष्ट सुरू होते १९७७ मध्ये.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक डोनाल्ड क्नुथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती येणार होती. आधीची पुस्तकं शिशाच्या खिळ्यांवर छापलेली, देखणी. आता तंत्र बदललं होतं आणि नवी प्रुफं पाहून क्नुथ वैतागले. गणिताची चिन्हं आणि अक्षरं डोळ्यांना खुपत होती. हा माणूस १९७४ सालीच ट्यूरिंग पुरस्कार मिळवून बसलेला. त्यानं प्रकाशकाशी भांडत बसण्याऐवजी अक्षरजुळणीचा प्रोग्रॅमच लिहायला घेतला. नाव ठेवलं ‘टेक’. वर्षभरात उरकेल असं वाटलेलं काम पुरं व्हायला दशक गेलं!

या टेकची एक गंमत ऐका. त्याच्या आवृत्त्यांचे नंबर ३.१, ३.१४, ३.१४१ असे ‘पाय’ या संख्येच्या जवळजवळ सरकत जातात. आपल्या प्रोग्रॅममध्ये चूक दाखवून देणाऱ्याला क्नुथ चेक पाठवायचे. पुस्तकातल्या चुकीचा दर २.५६ डॉलर. का? तर २५६ सेंट म्हणजे सोळाच्या पायावरच्या मोजणीत बरोबर एक डॉलर! मिळालेला चेक लोक बँकेत भरायचे नाहीत, फ्रेम करून भिंतीवर लावायचे.

टेक ताकदवान होतं, पण त्याच्याशी बोलणं किचकट. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लेस्ली लॅम्पोर्ट या कॉम्प्युटर शास्त्रज्ञानं त्यावर सोप्या आज्ञांचा थर चढवला. ‘हे प्रकरण’, ‘हा विभाग’, ‘ही यादी’, ‘ही तळटीप’ एवढं सांगायचं, बाकी ते बघून घेईल. लॅम्पोर्टचा ‘ला’ आणि टेक मिळून लाटेक. त्यांचं त्यावरचं पुस्तक १९८६ मध्ये आलं. पुढं २०१३ चा ट्यूरिंग पुरस्कार लॅम्पोर्ट यांना मिळाला, तो मात्र त्यांच्या वेगळ्या कामासाठी. हे दोन्ही प्रोग्रॅम पहिल्यापासून फुकट आहेत आणि आजही फुकटच आहेत.

धर्मापुरीचा रिपोर्ट करून बघू

नुसतं ऐकून काही कळत नाही. एक रिपोर्ट बसवूनच बघू. समजा तुमचा फील्ड प्रोजेक्ट आहे धर्मापुरीवरच. गावात चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिर आहे, किल्ला आहे. तुम्ही फोटो काढले, मोजमापं घेतली, गावातल्या जाणत्या माणसांशी बोललात. आता लिहायचंय.

एक फोल्डर करा. त्यात मुख्य फाइल एकच. प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी: गावाची ओळख, किल्ला, मंदिर, मुलाखती, निष्कर्ष. फोटोंसाठी आत एक फोल्डर. आणि संदर्भांची एक फाइल.

मुख्य फाइलच्या पहिल्या ओळीत सांगायचं की हा ‘रिपोर्ट’ आहे, कागद ए-फोर, अक्षर बारा पॉइंटचं. लाटेकमध्ये ‘आर्टिकल’ नावाचाही प्रकार आहे, पण त्यात प्रकरणं नसतात, म्हणून आपल्याला ‘रिपोर्ट’च हवा. पुढच्या दोन-तीन ओळींत समास आणि ओळींमधलं अंतर. डाव्या बाजूचा समास जरा जास्त ठेवा, बाइंडिंगमध्ये तेवढा भाग जातो. तुमच्या कॉलेजचं माहितीपत्रक जे माप सांगेल ते इथं एकदा टाकायचं. बस्स, अख्ख्या रिपोर्टचं माप ठरलं.

आता सगळ्यात कामाची ओळ. तुमचं नाव, रोल नंबर, प्रोजेक्टचं शीर्षक, गाइडचं नाव, वर्ष हे सगळं वरच एकेकदा लिहायचं आणि प्रत्येकाला एक टोपणनाव द्यायचं. मुखपृष्ठावर, प्रमाणपत्रावर, प्रतिज्ञापत्रावर, ऋणनिर्देशात जिथं नाव हवं तिथं नुसतं ते टोपणनाव. पुढच्या वर्षी ज्युनिअरनं हा साचा घेतला तर तो वरची पाच नावं बदलेल आणि रिपोर्टभर सगळीकडे बदल होईल. गेल्या वर्षीच्या मुलाचं नाव प्रमाणपत्रावर राहण्याचा विषयच संपला.

प्रकरण सुरू करायचं तर उलटी तिरकी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, त्यापुढं ‘चॅप्टर’ आणि महिरपी कंसात शीर्षक. विभागासाठी तसंच ‘सेक्शन’. नंबर तुम्ही द्यायचा नाही. तिसऱ्या प्रकरणातला दुसरा विभाग असेल तर ३.२ आपोआप येतं. उद्या मंदिराचं प्रकरण किल्ल्याच्या आधी घ्यावंसं वाटलं तर मुख्य फाइलमधल्या दोन ओळींची अदलाबदल करा. सगळे नंबर नवे.

फोटोला एक ओळख द्यायची, म्हणजे ‘लेबल’. समजा ‘मंदिर-बाहेरची-भिंत’. मजकुरात आकडा न लिहिता त्या ओळखीचा हवाला द्यायचा. आधी दोन फोटो घुसडले तरी ‘आकृती ३.४ पाहा’ हे वाक्य स्वतःच ‘आकृती ३.६ पाहा’ होतं.

अनुक्रमणिकेसाठी एकच आज्ञा. आकृत्यांच्या यादीसाठी एक, तक्त्यांच्या यादीसाठी एक. सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे आणि पहिल्या प्रकरणापासून साधे आकडे हवे असतील तर दोन ओळी. वर्डमध्ये यासाठी सेक्शन ब्रेकशी झुंज दिलेल्यांना या दोन ओळींची किंमत कळेल.

एक गोष्ट सुरुवातीला चक्रावून टाकते, म्हणून आधीच सांगून ठेवतो. फाइल पहिल्यांदा चालवली की अनुक्रमणिका कोरी येते किंवा आकड्यांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. घाबरू नका, पुन्हा चालवा. पहिल्या फेरीत लाटेक कोणतं शीर्षक कोणत्या पानावर पडलं हे टिपून ठेवतं आणि दुसऱ्या फेरीत ती टिपणं वाचून अनुक्रमणिका भरतं. ऑनलाइन साधनांमध्ये या फेऱ्या बहुतेक वेळा आपोआप होतात.

संदर्भसूचीचंही तसंच. पुस्तकाचा लेखक, नाव, प्रकाशक, वर्ष असं एकदा संदर्भांच्या फाइलमध्ये नोंदवायचं आणि त्याला खूण द्यायची. मजकुरात खुणेचा उल्लेख केला की शेवटी सूचीत ते पुस्तक येतं. उल्लेख काढला की सूचीतूनही जातं. न वाचलेल्या पुस्तकांनी सूची फुगवायची आपली जुनी खोड आहे ना? तिलाही थोडा चाप बसतो.

मराठीत चालतं का?

चालतं. आणि छान चालतं. फक्त दोन गोष्टी सांभाळा.

पहिली, इंजिन योग्य निवडा. मूळ टेक रोमन लिपीसाठी घडलेलं होतं. देवनागरीसाठी नेदरलँड्समधल्या फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सोय केली, पण त्यात मजकूर रोमन अक्षरांत टाइप करावा लागे. खरा बदल झाला २००४ मध्ये. जोनाथन क्यू यांनी झीटेक आणलं आणि युनिकोड मजकूर, कॉम्प्युटरमधले नेहमीचे फॉन्ट सरळ वापरता येऊ लागले. आज मराठी रिपोर्टसाठी झीलाटेक किंवा लुआलाटेक निवडायचं, भाषा मराठी म्हणून सांगायची आणि एक चांगला देवनागरी फॉन्ट द्यायचा. भाषा सांगितली की ‘कंटेंट्स’च्या जागी मराठी शब्द येतो. तो पटला नाही तर एका ओळीत आपला घालता येतो.

फॉन्टचं म्हणाल तर आपण श्रीमंत आहोत. आयआयटी मुंबईत तयार झालेला ‘शोभिका’ फुकट मिळतो आणि अभ्यासाच्या मजकुराला शोभतो. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ आहे. मुंबईच्या एक टाइप या गटाचा ‘मुक्ता’ आहे. निवडताना ‘ल’ आणि ‘श’ बघा. मराठी वळणाचे आहेत की हिंदी वळणाचे? ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ टाइप करून बघा. पहिल्यातला ऱ्य नीट उमटला तर फॉन्ट कामाचा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अनेक डीटीपी सेंटरवर अजून श्री-लिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये काम चालतं. त्यात दिसतं मराठी, पण फाइलच्या पोटात असतात रोमन अक्षरं. असा मजकूर लाटेकमध्ये टाकला की कचरा दिसतो. मोबाइलवर पाठवला तरी तेच. म्हणून पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच टाइप करा. फोनवर मराठीत मेसेज करता ना? तेच युनिकोड. म्हणजे अर्धं काम तुम्हाला आधीच येतंय. मुलाखतींची टिपणं फोनवरच बोलून टाइप केलीत तरी ती सरळ रिपोर्टमध्ये घेता येतात.

एक लक्षात घ्या, आपल्या भाषेत देखण्या छपाईचा हट्ट नवा नाही. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचं नाव एकोणिसाव्या शतकापासून सुबक देवनागरी अक्षरांसाठी घेतलं जातं. त्या काळी काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून शेकडो वेगवेगळे खिळे लागायचे आणि जुळारी एकेक उचलून ओळ बांधायचे. पुढं कॉम्प्युटर आला तेव्हा मुंबईच्या र. कृ. जोशींनी विंडोजसोबत घराघरांत पोहोचलेला ‘मंगल’ फॉन्ट घडवला. जुळाऱ्याचं ते कसब आज एका फाइलमध्ये तुमच्या टेबलावर आहे. टेक तर एकेक ओळ सुटी न बघता अख्ख्या परिच्छेदाचा विचार करून ओळी कुठं तोडायच्या ते ठरवतं. म्हणून त्याची पानं डोळ्यांना शांत वाटतात.

शिकायचं कुठं?

क्लास लावायची गरज नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात लाटेकचे छोटे छोटे व्हिडिओ आहेत, रिपोर्ट कसा लिहायचा यावरही आहे, आणि मराठीतही ऐकता येतात. एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला तुमचा प्रोग्रॅम, अशा पद्धतीनं स्वतः करत शिकायचं. गावात नेट कधी आहे, कधी नाही अशी अवस्था असेल तर कॉलेजात उतरवून घ्या आणि घरी बघा.

चालवायचं कशावर? नेट बरं असेल तर ओव्हरलीफ. ब्राउझरमध्येच चालतं, काही बसवावं लागत नाही, रिपोर्टचे तयार साचेही तिथं भरपूर आहेत. फुकटच्या खात्यावर एकत्र काम करणाऱ्यांची संख्या आणि फाइल चालायला मिळणारा वेळ मर्यादित असतो, म्हणून फोटो आधी छोटे करून टाका. नेटचा भरवसा नसेल तर लॅपटॉपवर मिकटेक किंवा टेकलाइव्ह बसवा. टेकलाइव्ह पूर्ण घेतलं तर काही जीबी लागतात, तेव्हा ते काम कॉलेजच्या लॅबमध्ये उरका. मिकटेक लागेल तेवढंच उतरवून घेतं.

आणि हो, हे फक्त मार्कांपुरतं नाही. परदेशातल्या मोठमोठ्या विज्ञानपत्रिकांची मांडणी कुठं होते माहितीये? बरीचशी चेन्नई, पुद्दुचेरी, तिरुवनंतपुरम इथल्या कंपन्यांत. टेक वापरणाऱ्यांची जागतिक परिषद २००२ आणि २०११ अशी दोनदा तिरुवनंतपुरमला भरली होती. म्हणजे या कौशल्यावर आपल्या देशात लोक पगार घेतात. पुढं एमएस्सी, पीएचडी करायचं असेल तर ते लागणारच आहे.

कुठं ठेच लागते?

सगळं गोडगोड सांगून तुम्हाला तोंडघशी पाडायचं नाहीये. पहिले दोन दिवस लाटेक छळतं.

एक महिरपी कंस बंद करायचा राहिला की अख्खी फाइल रुसते. चुकीचा संदेश इंग्रजीत आणि लांबलचक येतो. त्यात ओळीचा नंबर शोधा, चूक त्या ओळीत किंवा तिच्या जरा वर असते. आणि सगळ्यात वरची चूक आधी दुरुस्त करा. खालच्या दहा बहुतेक वेळा तिच्याच पोटच्या असतात.

टक्क्याचं चिन्ह तर खरा चोर. लाटेकमध्ये त्या चिन्हानंतरची ओळ म्हणजे स्वतःसाठीची टीप, ती छापली जात नाही. ‘सर्वेक्षणात ४५ टक्के कुटुंबांनी’ हे वाक्य तुम्ही चिन्ह वापरून लिहिलंत तर ‘४५’ छापलं जाईल आणि पुढची ओळ गायब! चूक दाखवली जात नाही, म्हणून कळतही नाही. उपाय सोपा: चिन्हाच्या आधी बॅकस्लॅश. अँडचं चिन्ह, हॅश, अंडरस्कोअर यांनाही तसंच वागवायचं.

फोटो सांगितल्या जागी थांबत नाही, जिथं पान बरं दिसेल तिथं जाऊन बसतो. सुरुवातीला राग येतो. मजकुरात ‘खालील फोटोत’ असं न लिहिता ‘आकृती ३.४ मध्ये’ असं लिहायची सवय लागली की तो राग जातो. मोठे तक्ते मात्र खरंच त्रास देतात. त्यासाठी तक्ता बनवून देणारी ऑनलाइन साधनं आहेत, बिनधास्त वापरा.

आणि मुख्य म्हणजे, सुरू करण्याआधी गाइडना विचारा. काही जणांना वर्डची फाइलच हवी असते, कारण ते त्यातच दुरुस्त्या करतात. त्यांच्याशी हुज्जत घालू नका. रिपोर्ट वीस पानांचा असेल, समीकरणं नसतील, तर वर्ड किंवा फुकटचं लिब्रेऑफिस पुरतं. फक्त तिथंही साच्यानंच वागा. शीर्षकाला हातानं बोल्ड न करता ‘हेडिंग’ची स्टाइल लावा. अनुक्रमणिका हातानं टाइप न करता आपोआप घ्या. फोटोला कॅप्शनची सोय वापरा. पहिल्यांदा अर्धा तास जाईल, पुढं शीर्षकाचा साइज बदला म्हटलं की एका क्लिकवर चाळीस शीर्षकं बदलतील. कोणतं साधन हा दुसरा प्रश्न. दिसणं आणि म्हणणं वेगळं ठेवायचं, ही सवय पहिली.

साचा काय करत नाही?

तो तुमच्यासाठी केदारेश्वराच्या मंदिरापर्यंत जात नाही. दगडावर हात ठेवून मोजमाप घेत नाही. किल्ल्याबद्दल आजोबा काय सांगतात ते ऐकत नाही. म्हणून एक धोका ओळखून असा. लाटेकमधून निघालेलं पान इतकं रुबाबदार दिसतं की कच्चा मजकूरही पक्का वाटायला लागतो. बांधणी झकास आणि आत कुणाचा तरी उचललेला मजकूर, असा रिपोर्ट तोंडी परीक्षेत दोन प्रश्नांत उघडा पडतो. यूजीसीनं २०१८ मध्ये उचलेगिरीविरुद्ध नियम केलेत आणि मजकूर तपासणारी सॉफ्टवेअर कॉलेजांत आलीत, ती वेगळीच.

साच्यानं तुमचा वेळ वाचवला तर तो वेळ कुठं घालवायचा, हा खरा मुद्दा आहे. एक मुलाखत जास्त घ्या. निष्कर्षाचं प्रकरण पुन्हा एकदा लिहा. कारण हा रिपोर्ट बहुतेकांच्या आयुष्यातलं स्वतःच्या नावावरचं पहिलं पुस्तक असतं. धर्मापुरीसारख्या गावावर नीट मोजमापांसह, फोटोंसह, नोंदींसह तयार झालेला एक रिपोर्ट कॉलेजच्या कपाटात गेला तरी पुढच्या अभ्यासकाला तो दिवा दाखवेल. आणि त्याची पीडीएफ नीट युनिकोडमध्ये असेल तर कपाटाबाहेरही पोहोचेल. जुन्या फॉन्टमधला मजकूर शोधून सापडत नाही, युनिकोडमधला सापडतो.

या रविवारी एवढंच करा

चार मित्र-मैत्रिणी जमवा. कॉलेजच्या सूचनांचा कागद समोर ठेवा: समास, अक्षराचा साइज, प्रमाणपत्राचा मजकूर, पानांचा क्रम. एक तयार रिपोर्ट-साचा घ्या आणि त्यात ही मापं बसवा. प्रकरणांच्या जागी दोन-दोन ओळींचा कसलाही मजकूर टाका, एक फोटो, एक तक्ता, एक संदर्भ. चालवून बघा. सहा-सात पानांची पीडीएफ निघाली की ती गाइडना आत्ताच दाखवा. मजकूर लिहून झाल्यावर नाही, आत्ताच. त्या पानांवर ज्या खुणा होतील त्या साच्यात दुरुस्त करा. मग तुमचे ऐंशी पानांचे रिपोर्ट त्या खुणांतून कायमचे सुटले.

फाइलची एक प्रत स्वतःला मेल करून ठेवा, कारण पेनड्राइव्हवर विश्वास ठेवायचे दिवस गेले. आणि सबमिशन झालं की तो साचा विभागाच्या ग्रुपवर टाका. वर पाच ओळी लिहा: काय बदलायचं, कुठं बदलायचं, कोणतं इंजिन निवडायचं, कोणता फॉन्ट लागतो, अडलं तर काय करायचं. क्नुथ आणि लॅम्पोर्टनी त्यांचं काम जगाला फुकट दिलं म्हणून ते तुमच्यापर्यंत आलं. तुमचा साचा पुढच्या बॅचपर्यंत गेला, तर एखाद्या गावाकडच्या पोराची किंवा पोरीची एसटीची एक फेरी वाचेल. तो वाचलेला दिवस ती अभ्यासाला लावेल की झोपा काढेल, ते तिचं तिला ठरवू द्या!